सातवा प्रश्न

आमच्या नेब्रास्कात सातवीच्या पोरांना दर सोमवारी एक पिवळा कागद मिळतो. पुढे व्याकरणाची वीस वाक्यं, मागे अमेरिकेच्या इतिहासाचे दहा प्रश्न आणि तळाशी घरच्या मोठ्या माणसाची सही; शुक्रवारी परत. माझी लेक डार्ला वृद्धाश्रमात दुहेरी पाळ्या करते, म्हणून नात कोरिनच्या कागदावर सही करायचं काम माझ्याकडे, म्हणजे व्हर्लिन स्ट्राउडकडे, ज्याला स्वतःला सातवी पुरी करता आली नाही. मी कधी कुत्र्याचं नाव लिहायचो, कधी पाद्रीबाबांचं. तिच्या वर्गाच्या बाई, मिसेस हॅलॉक, हसून सोडून द्यायच्या.

"आजोबा, आता खरी सही करा हं," कोरिन म्हणाली. "तीन कागद अपूर्ण निघाले की पुन्हा सातवीत बसवतात."

"बस की. घराण्याची परंपरा आहे."

बीट काढायच्या दिवसांत एका सोमवारी चौथं वाक्य वाचलं : 'म्हाताऱ्याच्या पँटच्या खांद्यावरून येणाऱ्या डाव्या पट्ट्याला सेफ्टी पिन आहे.' मी खाली पाहिलं. पिन जागच्या जागी होती.

"तुझ्या बाई आपल्या खिडकीतून डोकावतात काय गं?"

"इथे कोंबड्यांच्या खुराड्याबद्दल लिहिलंय. चष्मा पुसा."

मी पुसला, आणि त्याखालचं वाक्य होतं : 'म्हातारा चष्मा पुसतो.'

आयुष्यभर लोकांच्या खोड्या काढल्या, त्यामुळे दुसऱ्याची खोडी मला लगेच ओळखू येते. पण या खोडीमागे हसणारं कोणी सापडेना. मग मी कागद उलटला. सातव्या प्रश्नात विचारलं होतं, '१९६१च्या मे महिन्यात आईची खोटी सही कोणी केली?' त्या वर्षी मी सातवीत होतो आणि माझा शेवटचा पिवळा कागद तशाच खोट्या सहीपायी पकडला गेला होता. आईची खरी सही आणल्याशिवाय वर्गात पाऊल ठेवायचं नाही, असं मास्तरांनी बजावलं. घरी ते सांगण्यापेक्षा मला शाळा सोडून बीटच्या शेतात राबणं सोपं वाटलं. आई गेली तेव्हाही तिला हे ठाऊक नव्हतं.

कोरिनला तिथे रेल्वेमार्गाचा प्रश्न दिसत होता. तिने माझ्यासमोर उत्तर लिहिलं. शुक्रवारी कागद लाल शेरा घेऊन परत आला : अपूर्ण, सातवं उत्तर कोरं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं.

"मी लिहिलं होतं, आजोबा. तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलं."

"मग बाईंना सांगा."

मी शाळेत गेलो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मिस्टर स्ट्राउड, कुत्र्याच्या नावाने सही करणाऱ्या माणसाचा शब्द मी खरा कसा धरू?"

तिसऱ्या गुरुवारी कोरिन शेजारी जेवायला गेली होती. मी पेन्सिलीला टोक केलं आणि सातव्या प्रश्नापुढे लिहिलं, 'मी, व्हर्लिन स्ट्राउड.' ते अक्षर मात्र पुसलं गेलं नाही. कोरिनला पैकीच्या पैकी मिळाले. त्यानंतर तिचा एकही कागद अडला नाही आणि उन्हाळ्यात ती आठवीत गेली.

आठवीला पिवळा कागद नसतो. तरीही दर सोमवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक येऊन पडतो, आणि वरच्या ओळीत माझं नाव असतं. कोरा ठेवून पाहिला, चुलीत घालून पाहिला; मंगळवारी तोच परत, लाल शेऱ्यासकट. एकदा गाडी काढून धाकट्या लेकीकडे ओमाहाला पळालो, तर तिथे ताटाखाली होता. पहिलं वाक्य, 'म्हातारा ओमाहाला पळाला.' आता मी मुकाट्याने सोडवतो, आणि रात्र पडायच्या आत पेन्सिल ठेवतो. खोडी करायला जागाच उरलेली नाही.

आज शुक्रवार. विसावं वाक्य सोडवून मी सही करायला तळाशी पेन नेलं, तर तिथे सही होती. गोलसर, उजवीकडे कललेली, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट. आईची ही सही मला कधीच जमली नव्हती.

मी तिच्यावर बोट ठेवलं. शाई ओली होती.