पुतळाबाईंची म्हैस

मित्रांनो, शाळेच्या कपाटात, नकाशांच्या गुंडाळ्यांमागे, एक काळा चौकोनी डबा धूळ खात पडलेला दिसतो ना? तो मी. टेपरेकॉर्डर. आतला पट्टा सैल झाल्यामुळे हल्ली माझा आवाज झोपेतून उठल्यासारखा येतो, पण गोष्ट सांगण्यापुरता मी अजून शाबूत आहे.

माझ्या पाठीवर ‘जपान’ असं लिहिलं होतं. ते खरं होतं की दमणच्या दुकानदाराने चिकटवलं होतं, हे मलाही ठाऊक नाही. भास्करराव मला तिथून सिल्वासाला घेऊन आले. ते मूळचे देवरुखचे, इथे सरकारी कचेरीत नोकरीला. त्यांच्या घरी माझे फार लाड झाले. माझ्यावर विणलेला रुमाल असायचा. शेजारीपाजारी यायचे, माझ्यासमोर चार शब्द बोलायचे आणि मी ते परत ऐकवले की म्हणायचे, हा आवाज आमचा नव्हेच. जो तो दुसऱ्याचा आवाज ओळखायचा. स्वतःचा मात्र कुणालाच पटायचा नाही.

पुढे त्यांच्या घरी टीव्ही आला आणि माझा रुमाल त्याच्या डोक्यावर गेला. तेव्हा भास्कररावांच्या पत्नी शैलजाबाई मला शाळेत घेऊन गेल्या. त्या मराठी शाळेत सातवीला भाषा आणि इतिहास शिकवत. ते साल अठ्ठ्याऐंशी.

वर्गात कोकणातल्या नोकरदारांची मुलं होती, तशीच धुळे-जळगावहून जवळच्या सायली गावातल्या कारखान्यांत आलेल्या कामगारांचीही होती. बाईंनी एकदा विचारलं की सिल्वासाचा इतिहास कुणाला माहीत आहे? वाल्मिक नावाच्या मुलाने उभं राहून सांगितलं की आपला इतिहास गावाकडे आहे, इथे फक्त कारखाने आहेत. सगळ्यांना ते पटलं. इथून पोर्तुगीज गेले ते दोन ऑगस्टला, एवढं मुलांना ठाऊक होतं, कारण त्या दिवशी मुख्याध्यापक सदाशिवराव भाषण करत. ते दरवर्षी तेच असे. मुलांना पाठ होतं. सरांच्या आधी मुलांचे ओठ हलायचे.

बाईंनी ठरवलं, यंदा मुलांनी जुन्या माणसांना विचारायचं, ऐकायचं आणि त्यावर स्वतः गोष्ट लिहून दोन ऑगस्टला वाचायची.

पण विचारायचं कुणाला? तेव्हा मागच्या बाकावरून गुड्डीने हात वर केला. ही मुलगी पारोळ्याकडची. शाळेत आली त्या दिवशी ती आपल्या अहिराणीत “माले माहीत नही” म्हणाली, वर्ग हसला, आणि तेव्हापासून तिने तोंड उघडलं नव्हतं. ती हळूच म्हणाली की किलवणी गावात आमच्या खोलीच्या मालकीणबाई आहेत, पुतळाबाई. त्या फिरंग्यांच्या वेळच्या आहेत, पण फार रागावतात.

रविवारी बाई, पाच-सहा मुलं आणि मी चिखल तुडवत किलवणीला गेलो. पुतळाबाई जव्हारकडून लग्न होऊन इथे आलेल्या, आता सत्तरीच्या. त्यांनी सगळ्यांना चहा दिला आणि एक बशी माझ्यापुढेही ठेवली. बाईंनी सांगितलं की हे यंत्र आहे, ते पीत नाही. पुतळाबाई म्हणाल्या की दारात आलेल्याला विचारायची आमच्याकडे रीत आहे, प्यायचं की नाही ते त्याने बघावं.

मग त्या बोलू लागल्या. फिरंग्यांचं राज्य जाणार अशी हूल उठली होती. नवरा दार लावून घरात बसला होता. आणि नेमकी त्याच दिवशी त्यांची म्हैस दावं तोडून गेली. पुतळाबाई पावसाचं इरलं घेऊन तिला शोधायला निघाल्या. वाटेत फिरंग्यांचा एक पोलीस समोरून आला, टोपी काखेत धरून. त्याने दमणची वाट विचारली. यांनी त्याला म्हैस विचारली. दोघांनाही उत्तर ठाऊक नव्हतं. शेवटी तो म्हैस शोधायला यांच्याबरोबर फिरला. ती ओढ्यात सुखाने डुंबत होती. दोघांनी मिळून तिला बाहेर ओढली आणि तो आपल्या वाटेने निघून गेला.

मुलांचे चेहरे पडले. अमोलने विचारलं, “आजी, बंदुकांचे आवाज?”

“आले असतील. मी म्हशीला हाका मारत व्हते. मला दुसरं काय ऐकाया येनार?” पुतळाबाई म्हणाल्या. “राज्य गेलं ते मला संध्याकाळी कळलं. म्हैस सापडली ती दुपारीच.”

हे सगळं मी पोटात जपून शाळेत आणलं. आणि तिथेच घात झाला. आपलं भाषण ऐकायला कसं वाटतं, हे सदाशिवरावांना पाहायचं होतं. त्यांनी दार लावून घेतलं, कॅसेट मागे नेली, लाल बटण दाबलं आणि माझ्यासमोर अख्खं भाषण केलं. मला ओरडता येत नव्हतं. माझ्या पोटातून म्हैस जात होती आणि तिच्या जागी ‘सन्माननीय व्यासपीठ’ येत होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात बटण दाबलं. सरांचा आवाज आला. सवयीने सगळा वर्ग त्याबरोबर म्हणू लागला. भाषण संपलं, एक खरखर झाली आणि पुतळाबाईंचे उरलेले दोन शब्द ऐकू आले: “ती दुपारीच.”

बाई खुर्चीत बसल्या. सर फार ओशाळले. किलवणीला स्वतः जाऊन त्यांनी पुन्हा सांगण्याची विनंती केली. पुतळाबाईंनी त्यांनाही चहा दिला आणि म्हणाल्या, “एकदा सांगितलं. म्हैस काय दोनदा हरवते?”

मग उरली मुलांची आठवण. बाईंनी सांगितलं, आजींकडून ऐकलेलं आठवेल तेवढं निळ्या शाईने लिहा. मधल्या जागा कल्पनेने भरा, पण त्या पेन्सिलने. दोन्हींची सरमिसळ करायची नाही. मुलं पेटली. अमोलच्या म्हशीने एकटीने फौज पळवली. त्याचं पान पेन्सिलने काळंकुट्ट झालं. वाल्मिकची म्हैस वैतागून ओढ्यात जाऊन बसली, कारण घरात राजकारणाशिवाय बोलणंच नव्हतं. गुड्डीने मात्र पोलिसाबद्दल लिहिलं. बाईंनी तिचीच गोष्ट वाचायची ठरवली.

दोन ऑगस्टला पुतळाबाई नव्या लुगड्यात पहिल्या रांगेत बसल्या होत्या. सरांनी भाषण आवरतं घेतलं, तर मुलांना चुकल्यासारखं झालं. गुड्डी उभी राहिली. ओढ्यापर्यंत ती नीट वाचत गेली. मग तिने वाचलं, ‘जाताना पोलीस मागे वळला आणि त्याने म्हशीचं नाव विचारलं. त्याचं स्वतःचं गाव फार लांब होतं. निदान एक नाव तरी त्याला बरोबर न्यायचं होतं.’

पुतळाबाई उठून उभ्या राहिल्या. “हे मी सांगितलं नव्हतं.”

बाईंचा चेहरा उतरला. आता ही मुलगी पुन्हा कधी बोलणार नाही, अशी भीती मलाही वाटली.

गुड्डी म्हणाली, “नाही आजी. हे मी पेन्सिलने लिहिलंय.”

पुतळाबाईंनी नव्या लुगड्याचा पदर सावरला. मग म्हणाल्या, “विचारलं व्हतं त्याने. मीच सांगाया विसरले. चंद्री नाव तिचं.” आणि खाली बसल्या.

ते खरंच घडलं होतं की त्यांना ते आवडलं होतं, हे शैलजाबाईंना आजवर उलगडलेलं नाही. ती ओळ अजून पेन्सिलीतच आहे. पण ‘चंद्री’ हे नाव बाईंनी निळ्या शाईने समासात लिहून ठेवलं.

त्यानंतर मागच्या रांगेतून अथाल गावचे एक म्हातारे उठले आणि त्या दिवशी आपला बैल कसा हरवला ते सांगू लागले. ते खाली बसायच्या आत दुसरे उठले. पाहुण्यांचा चहा गार झाला. पुढची काही वर्षं मी घरोघर फिरलो, बशीभर चहा समोर घेऊन सगळ्यांचं ऐकलं. मग नवे, दोन स्पीकरांचे टेप आले आणि मी कपाटात गेलो. पुतळाबाई त्र्याण्णवच्या हिवाळ्यात गेल्या.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, नका पुसू. त्याचं मला फार वाटत नाही. पण तुमच्या आळीत कुणी म्हातारं माणूस आपली गोष्ट सांगू लागलं, तर ती पुरती होऊ द्या. माझी कॅसेट तासाभरात संपायची, खटका पडायचा आणि माणूस अर्ध्या वाक्यात असतानाच माझं ऐकणं थांबायचं. तुम्हाला देवाने असा खटका दिलेला नाही.