गोंदणातला पाचवा ठिपका

डॉक्टरांनी कमलच्या मनगटावरचा गोंदणाचा ठिपका अंगठ्यानं दाबला. ठिपका आत बसला आणि अंगठा उचलताच पुन्हा निळा फुगून वर आला. शेजारचे चार दाबून पाहिले, ते नुसत्या शाईचे निघाले.

"हा पाचवा जन्मापासूनचा आहे का, बाई?"

कमलच्या आईनं, भागाबाईनं, सासूकडं पाहिलं. सासू कमलच्या पायाशी बसली होती, भिकुबाई. उत्तर तिनंच दिलं.

"बठ्ठं गोंदेल शे, डॉक्टरसाब. आमना घरमा कोनले डाग नही."

कमल आठ वर्षांची. सहा महिने शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, परवा शाळेत चक्कर येऊन पडली, म्हणून चोपड्याहून धुळ्याला आणलेली. आता तिसरी रक्ताची बाटली चालू होती.

"नीट आठवा," डॉक्टर म्हणाले. "जन्माचा असेल, तर अशाच गाठी आतड्यात असणार. त्याच रक्त गाळतायत. पोट उघडून एकेक काढता येतील. गोंदताना सुई लागून नंतर फुगला असेल, तर पोट फाडायला मी धजणार नाही."

मेला, किती मोठ्यानं बोलतो! भागाबाईनं पदराचं टोक मुठीत आवळलं. माहेरच्या गोंदणारणीनं कमलच्या त्या निळ्या ठिपक्याभोवती फूल काढून दिलं होतं. म्हणाली होती, कोणाच्या बापाला कळायचं नाही. शेजारच्या सुनेच्या पाठीवर कोड निघालं, तेव्हा "खोड लपवून पोर गळ्यात मारली" म्हणून भिकुबाईच सगळ्यात जास्त ओरडली होती. ती सून चार वर्षं माहेरी बसून आहे. बोललं तर घर जातं, गप्प राहिलं तर पोर. जायचं कुठं बाईनं?

"माय," कमल पुटपुटली, "मन्हा डोया मिटी ऱ्हायनात."

"जन्मना शे," भागाबाई म्हणाली.

"काय बोली ऱ्हायनी तू?"

"जन्मना शे, आत्याबाई. मन्हाफाईन येल शे."

तिनं बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि तसंच फूल गोंदलेला स्वतःचा हात डॉक्टरांपुढं धरला.

डॉक्टरांनी त्या फुलातले दोन ठिपके दाबले, तेही आत बसून पुन्हा निळे फुगले. मग भागाबाईची खालची पापणी ओढून पाहिली. आतून पांढरीफटक.

"तुम्हालाही शौचाला काळं होतं? कधीपासून?"

भागाबाई गोंधळली. हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"लहानपनफाईन. बायासले आसंच ऱ्हास ना, डॉक्टरसाब?"