ठकीपाशी कोण बसणार

टोमणा मारायचा नसेल तर सिस्टर माझ्याशी बोलत नसत. मी समोर उभी असले तरी माझ्या नवऱ्याशी बोलत. "तुमच्या मिसेसना सांगा, वायरींना हात लावायचा नाही." मिसेस तिथेच, हातभर अंतरावर, मांडीवर लेक घेऊन बसलेली.

लेक आठ महिन्यांची. ठकी म्हणतो आम्ही तिला. तिच्या हृदयाची लय मधूनच बिघडते. चालता चालता ते एकदम धावत सुटतं आणि थांबायचं विसरतं. घरी पहिल्यांदा झालं तेव्हा ती दिवसभर नुसती किरकिरत होती, आणि दात येताहेत असं सासूबाईंनी जाहीर करून टाकलं. दवाखान्यात पोचेपर्यंत तिचे ओठ राखाडी झाले होते. आता लय जागेवर होती, पण औषधाचं प्रमाण नीट बसेपर्यंत मुलांच्या वॉर्डात राहायचं होतं.

तिच्या छातीवर तीन स्टिकर, स्टिकरना वायरी, वायरी पलंगाशेजारच्या मॉनिटरला, मॉनिटरवर हिरवी रेघ आणि ठोक्यांचा आकडा. ठकीने पाय झाडले की रेघ वेडीवाकडी व्हायची आणि मॉनिटर केकाटायला लागायचा. तो केकाटला की मी हाक मारायची. सिस्टर यायच्या, स्टिकर दाबायच्या, बटण दाबायच्या, कपाळाला आठ्या घालून परत जायच्या.

"ताई, मूल हललं की वाजतं ते. शिकलेल्या आहात ना?"

"म्हणूनच विचारते. यातलं खरं कुठलं आणि उगाच कुठलं, मला कसं कळणार?"

"तुम्हाला कळायची गरज नाही. त्यासाठी मी आहे."

"तुम्ही तिकडे टेबलापाशी असता."

"टेबलावर दुसरा मॉनिटर आहे, त्यावर सगळी मुलं दिसतात. मी तिथे पत्ते कुटत बसत नाही."

पलीकडच्या पलंगावरची बाई तोंडावर पदर धरून हसली. दुसऱ्यांची भांडणं ऐकण्यात तिचे दिवस बरे चालले होते.

त्या दुपारी सासूबाई आल्या त्या पिशवी भरूनच. पिशवीत उशी, शाल, चष्म्याची डबी. आधी टेबलापाशी जाऊन सिस्टरशी कुजबुजल्या, मग नवऱ्याला बोलावून घेतलं. तो माझ्याकडे आला तो जमिनीकडे बघतच.

"आजपासून आई बसेल. तू घरी जा, जरा झोप काढ."

मुलाजवळ राहायला एकच माणूस, बाकीच्यांनी फक्त भेटीच्या वेळेत यायचं, असा वॉर्डाचा नियम होता. आई बसेल याचा अर्थ मी बाहेर.

"कुणी ठरवलं?"

"ठरवलं असं नाही. सिस्टर म्हणाल्या, तू सारखी दचकतेस, मग पोरही दचकते."

"आणि तू मान डोलावलीस."

"अगं, त्यांच्याशी वाकड्यात शिरून कसं चालेल? पोर त्यांच्या हातात आहे."

"पोर माझ्या मांडीवर आहे. आणि हिला पाजणार कोण, तू?"

"वाटी-चमचा आहे की," सासूबाई मागून म्हणाल्या. "मी तीन पोरं वाढवली. एकालाही असल्या दोऱ्या बांधाव्या लागल्या नाहीत."

"ते दातांचं निदानही तुमचंच होतं, आई."

त्यांनी पिशवीचा बंद घट्ट आवळला. नवरा म्हणाला, "झालं सुरू." मी सांगितलं, डॉक्टरांची संध्याकाळची फेरी होईपर्यंत मी हलणार नाही. त्यानंतर माझ्या जागी इथे ज्यांना बसायचं त्यांनी बसावं, पण ते मला डॉक्टरांनी सांगावं. मनातून मात्र माझी गाळण उडाली होती. सासूबाईंना डुलकी लागते. बसल्या बसल्या, जेवता जेवता लागते. ठकीचं हृदय पुन्हा पळत सुटलं तर त्यांच्या घोरण्यात कुणाला कळणार?

सिस्टर कोमट पाण्याचं भांडं घेऊन आल्या. ठकीचं अंग पुसलं, जुने स्टिकर सोलून काढले. खाली कातडी लालभडक झाली होती.

"जरा वारा लागू दे. नवे लावते थोड्या वेळाने." त्यांनी मॉनिटर बंद केला आणि सासूबाईंकडे बघून हसल्या. "तेवढीच तुमच्या सूनबाईंनाही विश्रांती."

त्या गेल्या. मॉनिटरचा काळा चौकोन तसाच राहिला. माझी नजर सवयीने तिकडे जायची आणि रिकामी परत यायची. शेवटी मी ठकीकडेच बघत बसले.

तिला पाजायला घेतलं. दोनदा तोंडात धरलं, दोनदा सोडलं. तिसऱ्यांदा तोंडच फिरवलं. रडली नाही. वरच्या ओठावर घामाचे थेंब होते आणि पोट भराभर वरखाली होत होतं. मी तिच्या पाठीवर तळवा टेकवला. सुटे ठोके लागतच नव्हते. नुसती थरथर होती, वाजायचा बंद केलेला फोन हातात घरघरतो तशी.

"सिस्टर."

"आता काय?" टेबलापाशी त्या कुणाचं तरी औषध सिरिंजमध्ये भरत होत्या. "आता तर मॉनिटरपण बंद आहे."

"यंत्र नाही तरी हिचं वाजतंच," सासूबाई म्हणाल्या. पलीकडची बाई पुन्हा हसली.

"दूध ओढत नाही. घाम फुटलाय तिला."

"उकडतंय. एवढं संपवते, मग येते."

मी थांबले. तळव्याखालची थरथर काही थांबेना. पुन्हा हाक मारली.

"म्हटलं ना, येते."

नवरा माझा दंड धरून म्हणाला, "शोभा करू नकोस." मी दंड सोडवून घेतला, ठकीला उचललं आणि सरळ टेबलापाशी गेले. नातेवाईकांनी तिथे जायचं नसतं. ठकीला सिस्टरच्या पुढ्यात, त्यांच्या कागदांवर ठेवलं.

"इथे यायचं नसतं..."

"आधी हात लावा. मग हाकला."

त्यांनी हात लावला. चेहऱ्यावरचा राग तसाच राहिला, पण हात गळ्यातल्या नळीकडे गेला. क्षणभर नळी लावून ऐकलं आणि ठकीला उचलून त्या पलंगाकडे धावल्या. नवे स्टिकर त्यांच्या खिशातच होते. मॉनिटर सुरू झाला आणि आकडा दोनशेच्या वर जाऊन बसला. रेघ शिवणयंत्राच्या टाक्यांसारखी, एकाला एक लागून.

डॉक्टर आले. बर्फपाण्याची पिशवी आली. चेहऱ्याला गार झटका बसला की पळतं हृदय कधीकधी लयीवर येतं, डॉक्टर म्हणाले.

"हात धरा तिचे," सिस्टर मला म्हणाल्या. मलाच म्हणाल्या. "दोन्ही. घट्ट. रडायचं असेल तर बाहेर जा, दुसरं कुणी धरेल."

"धरलेत."

नाक मोकळं ठेवून त्यांनी ती पिशवी ठकीच्या कपाळावर आणि डोळ्यांवर दाबली. तिचा श्वास अडकला. तिने माझ्या मुठीत हिसके दिले. "अहो, माराल तिला," सासूबाई म्हणाल्या. कुणी लक्ष दिलं नाही. आकडा होता तिथेच होता. मग रेघ सपाट झाली, आणि आता माझंच काळीज थांबतं असं वाटेपर्यंत सपाट राहिली. मग एक ठोका. मग सुटा, वेगळा, दुसरा. पिशवी उचलली तशी ठकीने जो टाहो फोडला तो दारापर्यंत गेला असेल.

"कधीपासून होतं हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"आत्ताच, डॉक्टर," सिस्टर म्हणाल्या. "लक्षात आल्याबरोबर स्टिकर लावले."

नवऱ्याने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. नको, असं.

"आत्ता नाही," मी म्हणाले. "पाजायला घेतलं तेव्हापासून होतं. त्याआधीच वायरी काढल्या होत्या, म्हणजे कदाचित तेव्हाही असेल. मी दोनदा हाक मारली."

डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं. "बरोबर आहे?"

सिस्टर ठकीचं तोंड पुसत होत्या. कानामागचं पाणीसुद्धा टिपलं. "हो," म्हणाल्या.

"मग उगाच 'आत्ताच' म्हणून कशाला सांगता? हृदय किती वेळ पळत होतं त्यावर माझं सगळं ठरतं." त्यांनी औषध वाढवलं, आणखी दोन-चार कडक शब्द ऐकवले आणि विचारलं, "बाळाजवळ कोण असतं?"

सासूबाईंनी पिशवी उचलली. "आजपासून मी."

"आई असते," सिस्टर म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

"पण तुम्हीच तर म्हणालात..." नवऱ्याने तोंड उघडलं.

"आई असते म्हटलं ना."

डॉक्टर गेले. सासूबाईही गेल्या, उशी, शाल, डबी सगळं घेऊन. जाताना लेकाला म्हणाल्या, "तुझ्या घरात माझं कोण ऐकतं." सिस्टरनी एकेक स्टिकर लालसर जागा सोडून बसवला, वायरी सरळ केल्या, आवाजाचं बटण पूर्ण मोठं केलं. मग नवऱ्याकडे वळल्या.

"तुमच्या मिसेसना सांगा, पुन्हा टेबलापाशी यायचं नाही."

"आणि हाक ऐकू आली नाही तर?" मी विचारलं.

"तर मोठ्याने मारायला सांगा," त्या नवऱ्यालाच म्हणाल्या.

नवरा माझ्याकडे वळला. "ऐकलंस?"

"ऐकलं. त्यांना सांग, माझा आवाज मोठा आहे."

सिस्टर भांडं उचलून गेल्या. मी खुर्ची ओढून अशी लावली की ठकी दिसेल, मॉनिटर दिसेल आणि टेबलही दिसेल.