एका ताटात

"पृथ्वीला हात कशाला काढलेस?" उज्वलाने विचारलं.

समर्थने कागद जरा मागे ओढला. मोबाइलवर असंच होतं, म्हणाला. डोळ्यांतून पाणी गाळणारी पृथ्वी, तिच्या हातात रिकामी वाटी आणि खाली 'अन्न वाचवा, जीवन वाचवा'. उज्वलाला हसू आलं नाही, कारण आधीच्या तासाला दुसऱ्या तुकडीतल्या मुलांनीही हीच पृथ्वी आणली होती. वाटीसकट.

द्वारका चौकाजवळच्या त्या शाळेत ती चित्रकला शिकवायला लागली, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. दरवर्षी पोस्टर स्पर्धेला काहीतरी विषय असायचा. कधी झाडं लावा, कधी पाणी जपा, कधी हेल्मेट घाला. मुलं पेन्सिलीने काढायची आणि मग मॅडम 'थोडं नीट करून' द्यायच्या. नीट करता करता सगळं चित्र तिच्या हाताचं होऊन जायचं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाची काही तक्रार नव्हती. पोस्टरं स्वच्छ दिसायची, पाहुणे मान डोलवायचे, नंतर ती कपाटावर जायची. उज्वलालाही त्यातलं एखादं नंतर आठवत नसे.

या वेळी मात्र तिने समर्थचा कागद त्याला परत दिला. समर्थ, वेदिका आणि राखी अशा तिघांकडे सातवीतल्या त्यांच्या तुकडीचं पोस्टर होतं. तिघांना तिने सांगितलं, की आधी घरी बघा काय टाकलं जातं आणि मग काढा.

मुलं बघून आली. वेदिकाने खाली मान घालून सांगितलं, की डब्यातली दोडक्याची भाजी ती रोज गेटबाहेरच्या कुत्र्याला घालते आणि कुत्राही ती खात नाही. समर्थच्या घरी हॉटेलातून मागवलेला भात दोन दिवस फ्रिजमध्ये राहायचा आणि मग घंटागाडीत जायचा. राखीचं घर मोठं, माणसं भरपूर. त्यांच्याकडे काहीच टाकत नव्हते. हे सांगताना तिचा चेहरा पडला होता, कारण आता चित्र काढायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं.

"आणि मॅडम, तुमच्याकडे?" वेदिकाने विचारलं.

उज्वलाला विषय बदलता आला असता. पण मुलांनी एवढं खरं सांगितल्यावर तिला ते जमलं नाही. "आमच्याकडे रोज एक ताट जातं," ती म्हणाली.

ते ताट तिच्या सासूबाईंचं होतं. सिंधुबाईंचं आयुष्य मखमलाबादच्या मळ्यात गेलं होतं. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या, पहाटे मार्केटला पाठवायच्या आणि मग घरच्यांना आणि मळ्यात कामाला आलेल्या बायकांना जेवायला वाढायचं. त्यांच्या हातचं ताट कधी मोकळं दिसलं नव्हतं. भाकरी, भाजी, आमटी, कारळ्याची चटणी, कांदा, सगळं जागच्या जागी. आता मळा थोरला मुलगा भारत बघायचा आणि दवाखाना जवळ पडतो म्हणून त्या धाकट्याकडे, उज्वलाच्या नवऱ्याकडे, किशोरकडे, फ्लॅटवर राहायला आल्या होत्या. किशोर सेकंड शिफ्टला असला की संध्याकाळी घरात दोघीच. उज्वला त्यांना तसंच भरलं ताट वाढायची. त्या दोन घास खायच्या, पाणी प्यायच्या आणि हात धुवायच्या. उरलेलं उज्वला गुपचूप ओल्या कचऱ्यात टाकायची. भांड्याचा आवाज होऊ नये म्हणून नळ सोडून ठेवायची.

हे सगळं तिने मुलांना सांगितलं नाही. आजी म्हाताऱ्या आहेत, त्यांना जेवण जात नाही, एवढंच सांगितलं.

"मग कमी वाढायचं," समर्थ लगेच म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने छोट्या ताटलीत चतकोर भाकरी आणि चमचाभर भाजी वाढली. सिंधुबाईंनी ताटलीकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर पुलावरून जाणाऱ्या गाड्यांकडे पाहत बसल्या. उज्वलाने जेवा म्हटलं, तशा त्या शांतपणे बोलल्या.

"माझं खाणं जड झालं का गं तुला? तसं सांग. मी जाते मखमलाबादला, भारतकडं."

उज्वलाने खूप समजावलं. हवं तेवढं पुन्हा वाढते, वाया जाऊ नये एवढंच, डॉक्टरांनीही थोडंच खायला सांगितलंय. सिंधुबाईंनी सगळं ऐकून घेतलं, नाही म्हणाल्या नाहीत, पण ताटलीला हात लावला नाही. उपाशीच झोपल्या. त्या दिवशी ती चतकोर भाकरीही कचऱ्यात गेली.

दुसऱ्या दिवशी मुलांनी विचारलंच. फसलं, असं तिने सांगितलं. आजींना राग आला का, असं समर्थने विचारलं. राग नाही, वाईट वाटलं, ती म्हणाली. रंगाचं झाकण उघडायच्या खटपटीत असलेली राखी मग म्हणाली, "आमचे आजोबा पण एकटे नाही जेवत. मी त्यांच्याच ताटात बसते. आई म्हणते, मग त्यांच्या लक्षातच येत नाही कुणी किती खाल्लं."

उज्वलाने ते ऐकलं आणि झाकण काढून दिलं.

संध्याकाळी तिने नेहमीचं मोठं ताट भरलं, सिंधुबाईंपुढे ठेवलं आणि स्वतः समोर मांडी घालून बसली. दुसरं ताट घेतलं नाही. सिंधुबाई तिच्याकडे बघत राहिल्या.

"तुझं ताट कुठं हाय?"

"मला एकटीला जेवण जात नाही, आई. यातच बसते."

"माझं उष्टं खाशील व्हय?"

"खाईन की."

सिंधुबाईंनी ताट थोडं फिरवलं, भाजी दोघींच्या मधे येईल असं. मग भाकरी मोडली. त्या दिवसापासून नळ सोडून ठेवायची वेळ आली नाही.

पोस्टर तेच झालं. एक ताट आणि त्यात दोन हात, एक सुरकुतलेला, एक लहान. राखीने आजोबांचा हात समोर धरून घरीच काढून आणला होता. अंगठा वाकडा आला होता, बोटं जाड झाली होती. वेदिकाने ताटात हट्टाने दोडक्याची भाजी काढली. खाली समर्थने लिहिलं, 'जेवायला कुणीतरी बरोबर बसा'.

पर्यवेक्षकांनी ते पाहून कपाळाला आठ्या घातल्या. एका ताटात दोघांनी जेवणं आरोग्याच्या दृष्टीने बरं दिसत नाही, आणि यात अन्न वाया जाताना तर कुठे दिसतच नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. निदान तो हात तरी तुम्ही नीट करून द्या, म्हणाले. ते गेल्यावर उज्वलाने ब्रश ओला केला. अंगठ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ब्रश धुऊन बरणीत ठेवला.

पोस्टर जिन्याच्या बाजूला लागलं, जिथे उजेड कमी असतो. बक्षीस दुसऱ्या तुकडीच्या पृथ्वीला मिळालं. तिघं दिवसभर फुगून बसली. शाळा सुटताना राखी मागे रेंगाळली आणि तिने विचारलं, "मॅडम, आजी आता जेवतात का?"

"आता ताट रिकामं होतं," उज्वला म्हणाली. राखी खूश होऊन पळाली.

घरी जाताना उज्वलाच्या मनात ते उत्तर घोळत राहिलं. त्या संध्याकाळी जेवताना तिने पहिल्यांदाच नीट लक्ष दिलं. सिंधुबाई मळ्यातल्या बायकांच्या गोष्टी सांगत होत्या. कोण लय हसायची, कुणाला कांद्याशिवाय घास उतरत नसे. बोलता बोलता भाकरी मोडायच्या आणि तुकडा उज्वलाच्या बाजूला सारायच्या. भाजी भाकरीच्या तुकड्याने लोटून तिच्याकडे करायच्या. आमटीची वाटी तिच्याजवळ सरकवलेली होती. आणि त्यांच्या स्वतःच्या बोटांना भाकरीचं पीठ सोडलं तर काही लागलेलं नव्हतं.

उज्वलाचा हात थांबला. उद्या डॉक्टरांना फोन करायचा, असं तिने ठरवलं. तोंडापर्यंत आलेलं बोलणं मात्र तिने गिळलं. समोर बसलेल्या बाईच्या चेहऱ्यावर, कित्येक महिन्यांनी, घर जेवू घातल्याचं समाधान होतं.

"थांबलीस का? आवडली नाय भाजी?" सिंधुबाईंनी विचारलं.

"आवडली की," उज्वला म्हणाली.

सिंधुबाईंनी भाकरीचा कडेचा खरपूस तुकडा मोडला आणि तिच्यापुढे ठेवला. भूक नव्हती, तरी उज्वलाने तो उचलला आणि सावकाश चावून खाल्ला.