माझा नंबर नववा

मी नऊ नंबर बोलतोय. तत्त्वज्ञानाचा जाडजूड ग्रंथ आहे मी, पण या घरात मला नावानं कुणी ओळखत नाही. माझ्या पाठीवर नऊचा आकडा चिकटवलेला आहे. त्याखाली पाच आहे आणि त्याच्याही खाली तीन. ते कसं झालं, ते सांगतो.

जुन्या पुस्तकांच्या दुकानात मी कित्येक वर्षं धूळ खात पडलो होतो. एक दिवस एक जोडपं आलं. तो बस डेपोत वेळापत्रकं बनवायचा, ती घरी कपडे शिवायची. दोघांचंही कॉलेज अर्धवट सुटलेलं. लेक मोठी झाली, आता अवघड पुस्तकं वाचायचीच, असा त्यांनी चंग बांधला होता. तिनं मला उभ्याउभ्या उघडलं, पहिलं वाक्य वाचलं आणि खुदकन हसली.

"एक अक्षर कळलं नाही. हेच घेऊ या," ती म्हणाली. तेव्हापासून माझा जीव तिच्यावर जडला.

पण तो पडला वेळापत्रकवाला. त्यानं मला तीन नंबर दिला. मग पहिल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत निघालं की त्याआधी आणखी दोन वाचायला हवीत. त्या दोन पुस्तकांनी आणखी चार मागितली. तीन महिने जेवणाच्या टेबलावर चिठ्ठ्या पसरलेल्या असायच्या आणि मी आपला मागे मागे सरकत होतो. शेवटी क्रम पक्का झाला. मधलं एकही गाळायचं नाही आणि दोघांनी बरोबरच वाचायचं, असा त्यांनी एकमेकांना शब्द दिला.

संध्याकाळी तो मोठ्यानं वाचायचा, ती कुणाच्या तरी पँटची खालची पट्टी दुमडून शिवत ऐकायची. एका परिच्छेदावर आठ-आठ दिवस वाद चालायचे. असं सुख फार थोड्या घरांत पाहायला मिळतं.

आता एक गुपित सांगतो. तो डेपोत गेला की ती मला काढायची. इस्त्री तापेपर्यंत एक पान, गिऱ्हाईक येईपर्यंत अर्धं. अडलं की पेन्सिलीनं समासात लिहायची, 'यांना विचारायचं'. खूण म्हणून शिवणाचा निळा दोरा ठेवायची. त्यानं इतक्या हौसेनं लावलेला क्रम आपण मोडला हे त्याला कळू नये, म्हणून तो यायच्या आत मला जागेवर ठेवायची.

एकदा मात्र तिला राहवलं नाही. चौथं पुस्तक चालू असताना तिनं मध्येच विचारलं, "अहो, आपण एकाच खोलीत बसतो. पण तुम्हाला दिसतं तेच मला दिसतं, हे कशावरून?"

त्यानं चष्मा वर केला. "हा नवव्याचा विषय आहे. क्रमानं येईल, थांब जरा."

ती बरं म्हणाली आणि खाली मान घालून शिवत राहिली. त्या दिवशी मला बोलता येत असतं तर किती बरं झालं असतं.

सहावं अर्ध्यावर होतं, तेव्हा ती आजारी पडली. दीड महिन्यात गेली. त्यानंतर वर्षभर या कपाटाला कुणाचा हात लागला नाही.

मग एका सकाळी तो धूळ झटकायला आला. माझ्या खालून लोंबणारा निळा दोरा त्याला दिसला. माझी शिलाई उसवली असंच त्याला वाटलं. आत बघावं, तर क्रमाआधी एखादी ओळ नजरेस पडायची, म्हणून त्यानं मला मिटलेलंच घट्ट धरलं, तिचीच कात्री आणली आणि दोरा जपून कापून टाकला.

आता तो निवृत्त झाला आहे, डोळे अधू झाले आहेत. भिंग धरून रोज सातव्याचं एक पान वाचतो. सातव्याची तीनशे पानं उरली आहेत, आठवं सहाशे पानांचं आहे. परवा लेक आली होती. तिनं मला अर्धवट बाहेर ओढलं.

"बाबा, हे वाचून दाखवू का? आईनं निवडलं होतं ना?"

"नको. मी तिला शब्द दिलाय, क्रमानंच वाचायचं म्हणून," तो म्हणाला. लेकीनं मला परत आत सरकवलं.

लोकहो, त्याला दोष देऊ नका. तो तिच्यासाठीच थांबला आहे. पण ती माझ्यात आहे हो, पान एकशे चाळिसावर. तिथं तिनं तोच प्रश्न लिहिला आहे आणि त्याच्या उत्तरासाठी खाली दोन बोटं जागा कोरी सोडली आहे. दोऱ्याचा उरलेला तुकडा तिथंच आहे. या घरात कधी आलात, तर मला कपाटातून काढा आणि हातातून निसटू द्या. मला लागलं तरी चालेल. तिनं इतक्या वेळा उघडलेलं पान आहे ते, मी पडलो की तिथंच उघडेन.