छतावरची पावलं

पलंगावर उभं राहून लोरेटाने छताच्या पिवळ्या डागावर अंगठा दाबला, आणि अंगठा आतच गेला. भिजलेल्या पावात जावा तसा. वरच्या रबरी आवरणाखाली जी लाकडी फळी असायला हवी, तिचा नुसता लगदा उरला होता. आणि तिचा नवरा ड्वेन त्याच छतावर चालत होता.

 मागच्याच हिवाळ्यात चाकांवरच्या घरांच्या याच वसाहतीत, याच ट्रेलर पार्कमध्ये, दोन रांगा पलीकडचा शेजारी हार्लन असाच स्वतःच्या छतातून थेट शेगडीवर कोसळला होता. तो अजून चाकाच्या खुर्चीत आहे. ड्वेन त्याला भेटायला गेला तेव्हा म्हणाला काय, तर "वजन कमी कर लेका!" आणि स्वतः हा गृहस्थ केवढा, तर दारातून अंग तिरकं करून आत यायचा.

आयोवातलं घर विकून दोघं हे चाकांवरचं घर घेऊन टेक्सासच्या किनाऱ्यावर उबेला आले, तेव्हापासून गळती दिसली की ड्वेन भेगा बुजवायची सिलिकॉनची नळी घेऊन वर चढायचा. पाणी शिरायचं एकीकडून, भिंतीच्या पोटातून वाहत टपकायचं भलतीकडेच, आणि हा लिंपायचा तिसरीकडे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! दुरुस्तीवाल्याला बोलावू म्हटलं की म्हणायचा, "स्वतःचं घर माणसाने स्वतःच राखावं, लोरेटा."

आज त्याने बुडबुड्यांचा प्रयोग मांडला होता. छताच्या झरोक्यात पंखा बसवून आत हवा कोंबायची, दारं-खिडक्या बंद ठेवायच्या, आणि वर साबणाचं पाणी फवारायचं. जिथे बुडबुडा, तिथे भोक. पंखा वर, त्याचं बटणही वर. घरघर एवढी की खालचं ओरडणं वर जाणं शक्य नव्हतं. त्यात स्वारीने पाणी लागू नये म्हणून कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलेलं.

मागच्या टोकाच्या शिडीपासून निघालेली पावलं आता पलंगाच्या बाजूला येत होती. छत कुरकुरलं. लोरेटाच्या कपाळावर गार थेंब पडला.

"ड्वेन! थांब! पुढे येऊ नकोस!"

नुसती घरघर. तिने झाडू उचलला आणि दांड्याने छत दणादण ठोकलं.

पावलं थांबली. मग भराभर तिच्याच दिशेने यायला लागली.

आणि आपण काय करून बसलो ते तिला कळलं. खालून ठोकणं ही तर दोघांची ठरलेली खूण! पायाखाली हादरा जाणवला म्हणजे 'डाग इथे आहे, इथे ये.' पार्कातली सगळी जोडपी असंच करतात. तिने आपल्या हाताने नवऱ्याला बोलावलं होतं, आणि तेही नेमकं कुजक्या जागी.

देवाचं नाव घ्यायलाही तिला सुचेना. ती पलंगावरून उडी मारून धावली. गुडघा कपाटावर आपटला, तरी थेट मागच्या न्हाणीघरात शिरली आणि शिडीजवळचं छत ठोकायला लागली. ठोक, ठोक, ठोक. ये रे बाबा. इकडे ये. आता डाग इथे आहे, हे खोटं ऐक.

वर काही हालेना.

 मग जड पावलं वळली, आणि एकेक करत तिच्या डोक्यावर आली. पंखा बंद झाला, शिडी वाजली. दार धाडकन उघडलं, आणि टेबलावरचं यंत्र कानात अडकवत ड्वेन ओरडला,

"डोकं फिरलंय का तुझं? इथे ठोक, तिथे ठोक! मी काय माकड आहे?"

लोरेटाने त्याचं मनगट धरलं, ओढत पलंगापाशी नेलं आणि त्याची बोटं डागात खुपसली. चारही बोटं आत गेली. काळा, ओला चोथा उशीवर पडला.

ड्वेन वर बघत राहिला.

"मी पाऊल उचललं होतं," तो हळूच म्हणाला. "तू तिकडे ठोकलंस तेव्हा... उचललेलंच होतं, गं."

तो मटकन खाली बसला.  लोरेटाने त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि मग त्याच्याच खांद्यावर डोकं टेकून मोठ्याने रडली.

बाहेर समुद्रावरून अंधारून आलं. पहिले थेंब छतावर वाजले तसा ड्वेन सवयीने उठायला लागला. "नुसती ताडपत्री तरी टाकून येतो..."

तिने त्याच्या शर्टाची बाही मुठीत पकडली.

"गळू दे."

"अगं, गादी भिजेल. सगळं घर..."

"गळू दे म्हटलं ना! घर गेलं तर जाऊ दे. तू बस इथे."

तो बसला. उशीवर पाणी टपकायला लागलं. दोघं बघत राहिली, पण खाली भांडं ठेवायलासुद्धा कुणी उठलं नाही.