ओढ्याकाठची साफसफाई

विल्मर माझा सख्खा धाकटा भाऊ. परक्यानं हे केलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळी झाले असते.

वडिलांनी ओढा वाटून दिला तो असा: धबधब्याच्या वरचा काठ मला, खालचा त्याला. मी गाई पाळल्या. त्यानं पाहुण्यांसाठी लाकडी खोल्या बांधल्या आणि रस्त्यावर काचबेडकाचं चित्र असलेला फलक लावला. हा बेडूक आता आमच्या डोंगरातल्या दोन-तीन ओढ्यांवरच उरलाय. पोटाची कातडी अशी, की आतलं काळीज उडताना दिसतं. लांबून माणसं यायला लागली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग लेकीच्या बाळंतपणाला मी राजधानीत, कीतोला गेले. परतले तर खालचा ओढा उघडाबोडका. पाण्यावर झुकलेली रुंद पानं, नेचे, वेली, सगळं साफ. काठानं सिमेंटची पायवाट, बाकडी. कडेला तोडलेल्या पानांचा ढीग वाळत पडलेला. त्यातलं एक उलटलं, तर बेडकाच्या अंड्यांचा पुंजका सुकून कडक झालेला. नर त्यांच्याशेजारी बसून राखण करतो. तो कुठं गेला कोण जाणे.

पान घेऊन मी तडक त्याच्या खाणावळीत गेले. तो पाहुण्यांना बटाट्याचं सूप वाढत होता.

"हे काय, विल्मर?"

"ताई, आधी जेव. बाळ कसंय?"

"बाळ बरंय. हे काय ते सांग."

त्यानं पानाकडे नीट पाहिलंही नाही. "अगं, झाडीतून कुणाला काही दिसत नव्हतं. बायका घसरत होत्या. जरा साफ केलं. जातील की ते दुसऱ्या पानावर."

"कुठल्या? एक तरी ठेवलंयस?"

एका परदेशी बाईनं काय झालं म्हणून विचारलं. हा हसून तिला म्हणाला, बहिणीनं तुम्हाला अंडी दाखवायला आणलीत. बाई खूश. तिनं त्याला पान हातात धरायला लावलं आणि फोटो काढला. त्यानं धरलंही.

"अजून हस जरा," मी म्हणाले, "फोटो छान येईल."

दुसऱ्या दिवशी तो ताजं चीज घेऊन दारात. "ताई, आता बेडूक तुझ्याच काठाला आहेत. पाहुण्यांना वर आणू दे. पानालाही हात लावणार नाही."

"तुझा काठ पाहून आलेय मी. चीज घेऊन जा."

त्याच आठवड्यात मी धबधब्यापाशी काटेरी तार ओढली. आईनं त्याचीच बाजू घेतली. "बेडकांपायी सख्खा भाऊ तोडलास," म्हणाली. तोडलं कुणी, हे तिला कुणी विचारायचं?

नातीच्या बाप्तिस्म्याला तो आला नाही. त्याच्या काठाला पावसाळाभर एकही बेडूक ओरडला नाही. पाहुण्यांना सांगतो, तुमचा हंगाम चुकला. आणि ती माणसं, बिचारी, पुढच्या वर्षीच्या खोल्या आत्ताच ठरवून जातात.